आदल्या दिवसाचं दूध

पवनारच्या मंदाबाई खोटं बोलत नाहीत, आणि त्यांच्या सुनेची, अंकिताची, सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

मंदाबाईंच्या खरेपणाच्या गोष्टी सांगायला बसलं तर चहा दोनदा गरम करावा लागेल, म्हणून एकच. कैलास, त्यांचा एकुलता एक मुलगा, लहान होता तेव्हाची. त्याला घेऊन बाई एसटीने माहेरी निघाल्या होत्या. कंडक्टरने पोराकडे पाहिलं, लहान आहे असं धरलं आणि पुढे सरकला. बाईंनी मागून त्याचा शर्ट धरला.

"थांबा जी. याले मांगच्या गुरुवारी पाच पूर्ण झाले. अर्धं तिकीट फाडा."

"राहू द्या ना बाई, लहानच दिसते पोट्टं."

"दिसून काय होते? झाले तं झाले."

अख्खी गाडी हसली. कैलास आता हिंगणघाटच्या सूतगिरणीत पाळीवर जातो, मिशा राखून आहे, तरी ही गोष्ट निघाली की उठून बाहेर जातो.

अशा घरात अंकिता सून होऊन आली. माहेर सेलूकडचं, शिक्षण बारावी, बोलणं गोड आणि नजर तिखट. गिऱ्हाईक जुडीला हात लावायच्या आधी तिला कळायचं की हा घेणारा आहे की नुसता कुरवाळणारा. सासरचं दीड एकर धाम नदीच्या काठाला. वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं वर्ध्याच्या भाजीबाजारात जायचं. तिथे मंदाबाई तीस वर्षं बसल्या. मग गुडघे गेले आणि बाजारातली जागा लग्नाच्या पहिल्याच वर्षी सुनेकडे आली.

जागा म्हणजे काय, तर मागे भिंत, डावीकडे धुरपताबाईंचे कांदे, उजवीकडे कोणाच्या तरी केळीच्या फण्या. सकाळी ऑटोतून उतरवलेले क्रेट समोर लागले की अंकिता आत आणि जग बाहेर. माल उठल्याशिवाय निघायला वाट नाही. आणि जागा रिकामी ठेवायची सोय नाही. आठ दिवस कोणी दिसलं नाही की नवव्या दिवशी तिथे दुसऱ्याचं पोतं पडलेलं असतं.

तर सुरभी झाली. गोरीगोमटी, मूठ आवळून झोपणारी. सव्वा महिना अंकिता घरात होती आणि पोरगी अशी भरली की मांड्यांना वळ्या पडल्या. तोवर बाजारात सासरे बसले, दौलतराव. आता दौलतरावांसारखा देवमाणूस पंचक्रोशीत नाही, पण भाजी विकायला देवमाणूस कामाचा नाही. पालकाच्या जुडीवर सांबार, सांबारावर मिरच्या, मिरच्यांवर "घरी कोन कोन असते?" असं त्यांचं विकणं. एकदा तर वांग्यांचं अख्खं टोपलं देऊन एक दांडा मोडलेली छत्री घेऊन घरी आले. त्या माणसाच्या घरी लग्न होतं म्हणून आपण वांगी दिली, तर त्याने आपल्या डोक्यावरचं ऊन ओळखून छत्री दिली, असा त्यांचा हिशोब. मंदाबाईंनी ती छत्री कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली.

सव्वा महिना झाला आणि अंकिता पुन्हा क्रेटच्या आत.

पहाटे साडेचारला पोरीला पाजायचं, पाचला ऑटो, आणि परत यायला बारा. मधल्या सात तासांचं काय? मंदाबाईंकडे उत्तर तयार होतं, ते दारात बांधलेलं होतं आणि त्याला दोन शिंगं होती.

"शेळीचं दूध हलकं असते. अर्धं पानी टाकलं का पोटाले बाधत नाई."

"आई, थे इलाताई म्हणत होत्या सहा महिने वरचं काहीच नाई द्यायचं. पानीसुद्धा नाई."

"इलाताईले म्हणा, येऊन पाज मंग."

ही इलाताई म्हणजे बोरगाव मेघेची. वर्ध्यात एका अभ्यासाचं काम चाललं होतं. आसपासच्या गावांतली काही बाळं जन्मापासून निवडायची आणि दर महिन्याला घरी जाऊन बघायचं की ती काय पितात, किती वाढतात. सुरभीचं नाव त्यात दवाखान्यातच लागलं होतं. इला स्कूटीवर यायची, मागे वजनाचा काटा, पायाशी लांबी मोजायची लाकडी पाटी.

पहिल्या खेपेला काटा पाहूनच मंदाबाई आडव्या झाल्या. लेकराला तोलत नाहीत. तोललं की नजर लागते, लेकरू वाळतं. इलाने समजावलं, चहा प्यायली, पुन्हा समजावलं. शेवटी तह झाला: वजन करा, पण आकडा तोंडाने काढायचा नाही. कागदावर लिहा आणि कागद मिटा. एवढ्यानेही बाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी काजळाची डबी आणली, पोरीच्या गालाला तीट लावली आणि तीच करंगळी काट्याच्या कोपऱ्यालाही टेकवली. इला म्हणे ऑफिसात गेल्यावर साहेबांनी विचारलं, काटा कुठे जळला का?

मग प्रश्न. इलाने कागद समोर धरला आणि त्यावर होतं तसंच वाचलं, कारण एक अक्षर इकडचं तिकडे करायची तिला परवानगी नव्हती.

"काल सकाळी सूर्य उगवल्यापासून आज सकाळी सूर्य उगवेपर्यंत बाळाला काय काय पाजलं किंवा खाऊ घातलं?"

तेव्हा अंकिता घरातच होती. उत्तर सोपं होतं. आईचं दूध, बस. मंदाबाईंनी मात्र तो प्रश्न नीट ऐकून घेतला आणि इला गेल्यावर सुनेला विचारलं.

"कालचंच विचारते का थे दर वेळी?"

"हो, कालचंच."

"हं," बाई म्हणाल्या.

आता गावाची रीत अशी की कागद घेऊन आलेल्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत. त्याला चहा देतात आणि त्याला हवं ते उत्तर देतात. नळ आहे का? आहे. पाणी येतं का? येतं. तो खूश, आपण मोकळे. पण मंदाबाईंना ही सोय नव्हती. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि पोरीला शेळीचं दूध पाजतो म्हणून त्या शिकलेल्या मुलीपुढे मान खाली घालणंही जमत नव्हतं. मग त्यांनी जे केलं ते पवनारात फक्त मंदाबाईच करू जाणे.

दुसऱ्या महिन्यात इलाचा फोन आला, "काकू, शुक्रवारी येते." बुधवारी रात्री जेवताना बाईंनी जाहीर केलं, "उद्या गुरुवार. उद्या बाजारात तुहे सासरे जातीन. अंकिता घरी राह्यन."

गुरुवारी शेळीचं भांडं पालथं राहिलं. अंकिता दिवसभर पोरीला घेऊन बसली. सुरभीने आधी तोंड फिरवलं, मग आठवण आल्यासारखी लागली आणि सोडेचना. प्यायची, झोपायची, उठून पुन्हा प्यायची. अंकिताला वाटलं, हा दिवस मावळूच नये. शुक्रवारी इलाने विचारलं आणि मंदाबाईंनी ताठ मानेने सांगितलं, "काल? फक्त आईचं दूध. पान्याचा थेंब नाई."

अक्षर न् अक्षर खरं.

इलाने चौकटीत खूण केली. शनिवारी सकाळी भांडं पुन्हा सुलटं झालं.

अंकिता तेव्हाच का बोलली नाही, असं कोणीही विचारेल. धुरपताबाईंनीही विचारलं होतं. पण तिच्या जागी बसून पाहावं. महिन्यातून एक दिवस तिला तिची पोरगी मिळत होती. बोललं तर तो दिवसही जाईल. शिवाय बोलायचं कुठे? इला आली की सासूबाई मांडीला मांडी लावून शेजारी. एकदा अंकिता फाटकापर्यंत पोचवायला गेली, स्कूटी सुरू व्हायच्या आत घाईने म्हणाली, "ताई, मी रोज घरी नसते..." तेवढ्यात आतून हाक आली, "अंकिताऽ, पोट्टी उठली वं!" इला हेल्मेटमधून हसली, हात हलवला आणि गेली.

नवऱ्याला फोन केला. सूतगिरणीच्या आवाजातून कैलास ओरडून म्हणाला, "त्याच शेळीच्या आजीच्या दुधावर मी वाढलो. मले काय झालं? मायले दुखवू नको."

एक उपाय इलानेच कधीतरी सांगितला होता, दूध काढून वाटीत ठेवायचा. अंकिताने तो जपून, भाजीत मीठ विचारावं तसा विचारून पाहिला. मंदाबाई भाकर थापत होत्या, त्यांचा हात थांबला.

"माय हाये का शेळी हाये वं तू? धार काढतात माणसाची? शिळं दूध पाजतात लेकराले?"

विषय परातीतच संपला.

आणि बाजारात काय व्हायचं? साडेआठ-नऊ झाले की अंकिताची छाती दगडासारखी व्हायची. त्यातच एखादी बाई कडेवर रडतं लेकरू घेऊन भाव विचारायला यायची. ते लेकरू कोणाचं, काय, या छातीला काय कळतं? ब्लाऊज भिजायचा. पदर पुढे ओढून अंकिता वांगी तोलायची आणि घामाने भिजल्यासारखं तोंड करायची. धुरपताबाईंना सगळं कळायचं. त्या पाच लेकरांच्या माय होत्या.

"जाय वं, लिंबाखाली जाय. मी पाह्यते तुह्या क्रेटाकडे."

बाजाराच्या मागे एक कडुलिंब आहे. पेला घेऊन अंकिता तिथे जायची, भिंतीकडे तोंड करून दूध पिळायची आणि झाडाच्या बुडाशी ओतायची, कारण पायदळी टाकलं की पान्हा आटतो, असं तिच्या आईने सांगितलं होतं. दोन महिने हेच. एक दिवस ती परतली तर धुरपताबाई कांद्याची टरफलं झाडत हसत म्हणाल्या, "त्या लिंबाले तुह्या पोट्टीपेक्षा जास्त बाळसं आलं वं बाई!"

धुरपताबाईंचा स्वभावच थट्टेचा. पण अंकिता क्रेटच्या आत जाऊन बसली आणि त्या दिवशी तिच्याकडून दौलतरावांसारखंच विकलं गेलं.

कारण ते खरं होतं. आकडा तोंडाने निघत नव्हता तरी अंकिताला आकडे वाचता येत होते. दोन महिन्यांची असताना चार किलो तीनशे. तिसऱ्याला चार सहाशे, आणि मध्ये आठवडाभर हगवण. मांड्यांच्या वळ्या गेल्या होत्या. चौथ्या महिन्यात काट्यावर चार सातशे दिसलं, इलाने काटा रिकामा करून पुन्हा वजन केलं आणि पुन्हा तेच दिसलं. तक्त्यावर ठिपका देताना तिचं पेन जरा थांबलं. ठिपके वर चढत होते, ते आता आडवे चालले होते.

त्या दिवसापासून घरात नवीन सूर लागला. मंदाबाई आळीवाची खीर करू लागल्या, लसूण भाजू लागल्या, डिंकाचे लाडू वळू लागल्या. शेजारणींना सांगू लागल्या, "सुनेचं दूध अंगी लागत नाई पोट्टीच्या. पातळ हाये. काय करन बिचारी." हे त्या मनापासून म्हणत होत्या, त्यात डाव नव्हता. त्यांच्या दृष्टीने शेळीचं दूध होतं म्हणून तर पोरगी टिकली होती. अंकिता लाडू खायची.

आठ दिवसांनी इला पुन्हा आली. या खेपेला सोबत सुमती मॅडम होत्या, अभ्यासातल्या डॉक्टर, सुती साडी, चष्मा साखळीला. फोन आधी आला होता, त्यामुळे आदला दिवस रीतसर पाळला गेला होता. दौलतराव बाजारात जाऊन भोपळ्याचं रोप घेऊन आले होते.

मॅडमनी पोरीला उघडी करून नीट पाहिलं, पोट दाबलं, डोळे पाहिले. अंकितालाही तपासलं. मग ओसरीवर बसून चारही महिन्यांचे कागद पुढे घेतले. "फक्त आईचं दूध. फक्त आईचं दूध. फक्त आईचं दूध." एकेक कागद बाजूला ठेवला.

"मंदाबाई, काल काय दिलं?"

"फक्त आईचं दूध जी."

मॅडमनी चष्मा काढला. "मग काहीतरी कमी पडतंय. उद्या दवाखान्यात आणा, आणखी तपासण्या करू. त्यात काही निघालं नाही, तर आईचं दूध पुरत नाही असं धरावं लागेल. मग वरचं सुरू करावं लागेल."

वरचं! मंदाबाईंचा चेहरा सैल झाला. तीन महिने आवळून धरलेली गाठ कोणी सोडल्यासारखा.

"मी तं कवाची म्हणून राह्यली, मॅडम. सुनेचं दूध पातळ हाये."

अंकिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला दिसलं ते असं: आता मॅडमच्या हाताने कागदावर लिहिलं जाईल की हिचं दूध कमी आहे. शेळी पाटावर बसेल. कैलास म्हणेल, बघ, डॉक्टरही तेच म्हणते. आणि कडुलिंब दर सकाळी पेलाभर दूध पीत राहील. खरं सांगायचं तर सासूला चारचौघींत चोर ठरवावं लागेल. नाही सांगायचं तर स्वतःच्या छातीला खोटं ठरवावं लागेल. कडेवरच्या सुरभीने तोंड उघडून ब्लाऊजवर घासलं.

"मॅडम," अंकिता म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली, "मॅडम, कालचं नका विचारू. परवा काय दिलं होतं, थे विचारा."

इलाने कागदाकडे पाहिलं. परवासाठी तिथे चौकट नव्हती.

सुमती मॅडमनी आधी अंकिताकडे पाहिलं, मग मंदाबाईंकडे वळल्या. "परवा काय दिलं होतं, मंदाबाई?"

दारातली शेळी रवंथ करत होती. दौलतराव भोपळ्याच्या रोपाशी वाकले होते ते वाकलेलेच राहिले. मंदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती नजर अंकिता जन्मात विसरायची नाही. "थोडंसं" म्हणता आलं असतं. "आठवत नाई" म्हणता आलं असतं. साठीच्या बाईला ते शोभलंही असतं. पण ज्या बाईने कंडक्टरचा शर्ट सोडला नाही ती आता कुठे जाणार?

"शेळीचं," त्या म्हणाल्या. "अर्धं पानी टाकून. सकाळपासून तीन येळा."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

"तेच. सव्वा महिन्याची झाली तवापासून तेच. तुम्ही येता त्याच्या आदल्या दिवसाचं सोडून."

मॅडम रागावल्या नाहीत. कागदांकडे बघत एवढंच म्हणाल्या, "चारही कागद खरे आहेत, इला. आणि यातून पोरीचं काहीच कळत नाही." मग दुधात पाणी घातल्याने काय होतं ते सांगितलं, हगवण कुठून आली ते सांगितलं, आणि अंकिताला समोर बसवून विचारलं, बाजारात दूध येतं का? अंकिताने लिंबाचं सांगितलं. पेलाभर, रोज. मंदाबाईंना हे माहीत नव्हतं. त्या उठल्या आणि आत गेल्या.

दोन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाटा धुताना म्हणाल्या, "खोटं पाडलं असतं तं चाललं असतं मले. तू माह्याच तोंडून काढलं वं." अंकिताने धुतलेला पाटा उचलून भिंतीला टेकवला.

मग घरात जे बसलं ते असं. अंकिता साडेचारऐवजी साडेतीनला उठते. पोरीला पाजते आणि उकळलेल्या वाटीत दूध पिळून झाकून ठेवते. खरं बोलून तिला काय मिळालं, तर तासभर कमी झोप. बाजारात नऊला पुन्हा पिळते, लिंबाखाली नाही, झाकणाच्या डब्यात, आणि डबा पवनारकडे परतणाऱ्या ऑटोत जातो. ऑटोवाल्याचं नाव आदेश. पहिल्या दिवशी त्याने डबा हलवून विचारलं, "वहिनी, ताक हाये का?" अंकिताने खरं सांगितलं. पोट्ट्याचे कान लाल झाले. तेव्हापासून तो डबा दोन्ही हातांनी घेऊन, सीटवर एकटा ठेवून नेतो आणि खड्ड्यात गाडी हळू करतो. सवाऱ्या ओरडतात, "काऊन रे, पेट्रोल संपलं का?" घरी मंदाबाई वाटी-चमचा घेऊन बसतात. पहिले चार दिवस तोंड वाकडं करून पाजलं. "शेळीची धार काढून राह्यली होती, आता सुनेच्या वाटीची चाकरी," असं पोरीलाच सांगायच्या. पोरगी चमचा चोखायची.

धुरपताबाई म्हणाल्या, "आता वाळन तो लिंब."

आणि तो एक दिवस मात्र गेला. आता लपवायचं काही उरलं नाही, तर आदल्या दिवशी अंकिताला घरी ठेवायचं कारणही उरलं नाही. पाचव्या महिन्यात इलाचा फोन आला आणि आदल्या दिवशी अंकिता रोजच्यासारखी भिंत, कांदे आणि केळीच्या मध्ये होती.

इला दुपारी आली. अंकिता नुकतीच परतली होती, हातांना अजून सांबाराचा वास होता. मंदाबाईंनी काट्याच्या कोपऱ्याला तीट लावली. आकडा कोणी उच्चारला नाही. पाच किलो दोनशे होता. इलाने ठिपका दिला आणि तो आधीच्यापेक्षा जरा वर पडला.

"काकू, काल सकाळी सूर्य उगवल्यापासून आज..."

"आईचं. दोन येळा वाटीनं, बाकी अंगावरचं." बाई थांबल्या. "अन् परवाचं?"

"कागदावर तेवढंच आहे, काकू."

"कागदावर नाई म्हणून परवा उगवलाच नाई का वं? लिही. परवा तीन येळा वाटीनं. आदेशची गाडी पंक्चर झालती, डबा उशिरा आला, पोट्टी रडली. थेही लिही."

इलाने कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं. मंदाबाईंनी वाकून ते पाहिलं. त्यांना वाचता येत नाही, तरी पाहिलं. सुनेकडे मात्र पाहिलं नाही.

अंकिताने भिंतीला पाठ लावली आणि सुरभीला जवळ घेतलं. बारा वाजून गेले होते. पुन्हा उठायला पंधरा तास होते, आणि त्यातले मिळतील तेवढे तिला हवे होते.